रंजक, टोपी आणि कोकणचा पाऊस : पेडणे-डिचोली परिसरातील दारूगोळ्याच्या टिकाऊपणाचा इतिहास

पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या उत्तर सीमेवरील दोन तालुक्यांचा इतिहास शिकवताना आपण किल्ले, तह आणि बंडे यांची क्रमवारी सांगतो. हळर्णचा किल्ला कोणी घेतला, पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे केव्हा गेला, शेजारच्या सत्तरीत राण्यांनी किती वेळा शस्त्र उचलले, एवढे विद्यार्थ्यांना परीक्षेपुरते सांगता येते. परंतु कधीतरी एखादा विद्यार्थी साधाच प्रश्न विचारतो. जिथे चार महिने घराच्या भिंतींना ओल येते, मीठ बरणीत पाझरते, तिथे ही मंडळी दारू कोरडी कशी ठेवत असत? पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नाही. प्रस्तुत लेखात ते शोधण्याचा प्रयत्न केला आहे, आणि तोही दारूच्या कोठारापेक्षा बंदुकीच्या सर्वांत लहान भागात, म्हणजे पहिली ठिणगी देणाऱ्या भागात.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. जुन्या घरांच्या माळ्यांवर, किल्ल्यांच्या ढिगाऱ्यांत, नदीच्या गाळात जुना दारूगोळा सापडला की 'इतक्या पावसाळ्यांनंतर त्यात काय राहिले असणार' असे सहज म्हटले जाते. ही समजूत किती चुकीची आहे हे इतिहासच दाखवतो.

रंजक

तोड्याच्या बंदुकीत दोन ठिकाणी दारू असे. नळीत ठासलेली दारू गोळी फेकण्यासाठी, आणि नळीच्या कानाशी असलेल्या लहानशा वाटीत घातलेली बारीक दारू ती पेटवण्यासाठी. या दुसऱ्या दारूला रंजक म्हणत. ती वेगळ्या शिंगात, रंजकदानीत, जपून ठेवली जाई. पेटता तोडा रंजकेला लागला की तिची ज्वाळा कानातून आत जाई आणि बंदूक सुटे. नळीतली दारू गोळीने आणि डाटणीने झाकलेली असे. रंजक मात्र सर्वांत बारीक आणि सर्वांत उघडी. म्हणून ओल प्रथम तिलाच धरी. आतली दारू उत्तम असूनही रंजक सर्द झाली की बंदूक मुकी होई. तोफेच्या कान्याचीही हीच गत.

दारूत शोरा, गंधक आणि कोळसा असे तीन घटक असतात. ओल ओढण्याचा दोष सामान्यतः शोऱ्याच्या माथी मारला जातो, पण तो पुरता खरा नाही. शुद्ध शोरा हवेतील आर्द्रता सुमारे ९२-९३ टक्क्यांच्या वर गेल्याखेरीज पाणी धरत नाही. साधे मीठ मात्र ७५ टक्क्यांलाच पाझरू लागते. मातीतून काढलेल्या कच्च्या शोऱ्यात मीठ असते, चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि हे क्षार तर मिठापेक्षाही अधिक पाणी पितात. जुलै-ऑगस्टमध्ये पेडण्या-डिचोलीची हवा सलग कित्येक दिवस ७५ टक्क्यांच्या वरच असते. कच्च्या शोऱ्याची रंजक अशा हवेत कोठारात ठेवूनही सर्द होई, पावसात बाहेर काढण्याची गरजच नव्हती.

शोरा शुद्ध करण्याची रीत स्पष्टपणे लिहून ठेवणाऱ्या पहिल्या लेखकांपैकी एक हसन अल-रम्माह हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील सीरियातील विद्वान होता. लाकडाच्या राखेच्या साहाय्याने शोऱ्यातील चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार वेगळे करण्याची पद्धत त्याने सांगितली आहे. युद्धशास्त्रावरील त्याच्या ग्रंथाचा उल्लेख बहुधा अग्निबाणांच्या संदर्भात होतो. माझ्या मते दमट किनाऱ्यांच्या दृष्टीने राखेचा हा प्रयोग अग्निबाणांहून अधिक मोलाचा ठरतो. दारूची पावसाशी झुंज मुळात तिथे सुरू होते.

शब्दांचा प्रवासही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. दारू आणि शोरा हे शब्द फारसीतून आले, बंदूक अरबीतून, तोफ तुर्कीतून, तर काडतूस आणि पिस्तूल हे शब्द पोर्तुगिजांकडून. गंधक तेवढा संस्कृत. दारू या शब्दाचा मूळ अर्थ औषध असा आहे, आणि 'दवादारू' या जोडशब्दात तो अजून जिवंत आहे. भाषेच्या शिक्षकांना या यादीवर एक तास सहज घेता येईल.

मेण आणि ऊन

मराठी राज्यकर्त्यांनी या ओलीशी कसा सामना केला याचा सर्वांत चांगला पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात मिळतो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील या ग्रंथात दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याविषयी तपशीलवार सूचना आहेत. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, त्याला पक्क्या गच्चीचे तळघर असावे, दारूची भांडी जमिनीवर न ठेवता माचावर ठेवावीत, सर्दी पोहोचू देऊ नये, असे तो सांगतो. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू, बाण इत्यादी बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, ही सूचना तर एखाद्या आजच्या भांडारपालाच्या नियमावलीत शोभेल. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांचे काने मेणाने बुजवावेत, असेही आज्ञापत्र बजावते.

काने मेणाने बुजवणे या तीन शब्दांत आपल्या विषयाचे सार आहे. तोफेचे लोखंड आणि कोठारातील दारू यांच्याइतकीच काळजी बोटभर भोकाची घेतली जात असे, कारण दुबळी जागा तीच होती. आणि बुजवलेला काना म्हणजे तोफ त्या काळापुरती निकामी. किल्लेदार पावसाळ्यात तोफ टिकवत होता, तिचा मारा करण्याची तयारी ठेवत नव्हता. शत्रूच्या तोफेचीही तीच अवस्था असल्यामुळे हा व्यवहार चालून जाई.

आमच्या परिसरातील मोहिमांच्या तारखा या दृष्टीने पाहाव्यात. १६८३ साली पोर्तुगीज व्हिसेरेई कोंद द आल्व्होर याने फोंड्यावर स्वारी केली ती नोव्हेंबरच्या आरंभी. छत्रपती संभाजी महाराजांचा प्रतिहल्ला, जुवे बेटावरील किल्ल्याचा पाडाव आणि बार्देश-साष्टीवरील चाल हे सारे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घडले. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शहजादा अकबर त्या काळात महाराजांच्या आश्रयाने डिचोली परिसरात होता आणि पोर्तुगिजांशी झालेल्या बोलण्यांत त्याचा सहभाग होता. डिचोलीचा नमाजगाह त्याच्याच वास्तव्याची खूण म्हणून दाखवला जातो. पुढे १७४६ मध्ये मार्किस द कास्तेलु नोव्हु याने सावंतवाडीकर भोसल्यांकडून हळर्णचा किल्ला घेतला तो ५ मे रोजी, म्हणजे पावसाच्या तोंडावर. या विजयावरूनच त्याला मार्किस द आलोर्न ही पदवी मिळाली. त्याच मोहिमेतील तेरेखोल त्याच्या हाती आले ते २३ नोव्हेंबर रोजी. हळर्ण आणि तेरेखोल हे दोन्ही किल्ले आजच्या पेडणे तालुक्यातच आहेत. त्यांच्यामधील अंतर एका दिवसाच्या चालीचे, पण दोन विजयांमध्ये साडेसहा महिने गेले.

हे सर्व रंजकेमुळे घडले असे म्हणणे अर्थातच भाबडेपणाचे होईल. पावसाळ्यात समुद्र बंद असे, शापोरा आणि तेरेखोल नद्यांना पूर येत, बैल चिखलात रुतत, माणसे तापाने पडत, आणि शेतीची कामे असल्यामुळे शिपाईच मिळत नसत. पण इतिहासाच्या पुस्तकांत ही कारणे येतात, दारूचे कारण येत नाही.

टोपी

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. १८०० साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्याचे फल्मिनेट हे संयुग जगापुढे आणले. नुसत्या आघाताने पेटणारे हे द्रव्य होते. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या मिश्रणावर चालणाऱ्या बंदुकीच्या चापाचे पेटंट घेतले. त्याला पाखरांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीची रंजक भडकताना पाहून पाखरे उडून जात, ही त्याची तक्रार होती! पुढील पंधरा-वीस वर्षांत हे द्रव्य तांब्याच्या इवल्याशा टोपीत बंद झाले. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीवर बसवण्याच्या या टोपीला आजही टोपी किंवा केप म्हणतात.

टोपीने काय साधले ते १८३४ च्या वुलिच येथील चाचणीवरून कळते. चकमकीच्या बंदुकीत सरासरी प्रत्येक साडेसहा बारांमागे एक बार फुकट गेला, टोपीच्या बंदुकीत १६६ बारांमागे एक. प्रत्यक्ष पावसातील परीक्षा १८४१ च्या मे महिन्यात चीनमध्ये कँटनजवळ झाली, आणि तिचे साक्षीदार हिंदी शिपाई होते. ३७ व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीची एक तुकडी मुसळधार पावसात मुख्य फौजेपासून तुटली. तिच्या चकमकीच्या बंदुका भिजून बंद पडल्या आणि भोवती हजारो गावकऱ्यांचा जमाव जमला. तिला सोडवण्यासाठी टोपीच्या बंदुका असलेले मरीन सैनिक पाठवावे लागले, आणि त्याच पावसात त्यांच्या बंदुका चालल्या. मद्रासच्या या शिपायांची हकिकत युरोपातील शस्त्रेतिहासात आवर्जून सांगितली जाते, आपल्याकडे मात्र क्वचितच.

टोपी पाण्याला अधिक टिके याचे कारण सोपे आहे. द्रव्य झाकलेले होते, आणि टोपीच्या तोंडावर कथलाचा पातळ पत्रा व लाखेचे रोगण असे. लाख आपल्याच जंगलांतली. परंतु ओलीचा प्रश्न सुटताच दुसरे दोन उभे राहिले. पहिला उष्णतेचा. पाऱ्याचे फल्मिनेट थंड हवेत वर्षानुवर्षे टिकते, उष्ण प्रदेशात साठवले तर मात्र हळूहळू विघटित होऊन दुबळे होते. म्हणजे इंग्लंडमध्ये उत्तम ठरलेली टोपी कोकणातील उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत ठेवली की तिचे आयुष्य घटे. दुसरा प्रश्न गंजाचा. फल्मिनेटबरोबर मिसळल्या जाणाऱ्या पोटॅशियम क्लोरेटपासून बार उडाल्यावर पोटॅशियम क्लोराईड हा मिठासारखा क्षार नळीत उरतो. तो ८४-८५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढतो. आमच्या हवेत एक रात्र पुरे. ठासणीची बंदूक वापरल्यावर गरम पाण्याने धुऊन तेल लावण्याची रीत यासाठी होती, कारण हा क्षार पाण्यातच विरघळतो. नुसते तेल त्याला हटवत नाही.

पितळी काडतूस आणि तबेल्यातील हवा

१८६६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेत हायरम बर्डन यांनी टोपी काडतुसाच्या बुडातच बसवली. दारू, गोळी आणि ठिणगी एका धातूच्या कवचात आली. १८६९ साली पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला तो या नव्या युगासाठी. पोर्तुगीज पायदळानेही १८८६ मध्ये ८ मिलिमीटरची क्रोपाचेक बंदूक स्वीकारली.

आता तरी पावसाने हार मानायला हवी होती. पण हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेला एक विचित्र अनुभव आला. पावसाळ्यात साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप तडे जाऊ लागले. कोणी आपटले नाही, कोणी वाकवले नाही, तरी कवच उभे चिरलेले. इंग्रजीत या दोषाला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडले ते हा पावसाळी हंगामाचा रोग वाटल्यामुळे. ही काडतुसे बहुधा तबेल्यांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतील ओल आणि काडतूस ओढून घडवताना पितळात कोंडलेला ताण, या तिन्हींच्या संयोगाने तडे जात. हा उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांच्या संशोधनाने झाला. उपाय म्हणजे घडवलेले पितळ मंद तापवून त्यातील ताण घालवणे. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी धातूंच्या क्षरणाच्या पाठात परदेशी पुलांची उदाहरणे देण्याऐवजी हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

या पार्श्वभूमीवर राण्यांच्या बंडांकडे पाहताना मोह होतो. दिपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला तो २६ जानेवारी १८५२ रोजी, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांत. १८९५ चे बंड मात्र सप्टेंबरमध्ये, पाऊस सरण्यापूर्वीच पेटले. काडतुसाने पावसाची अट काढून टाकली असा निष्कर्ष येथे काढावासा वाटतो. पण तो टाळलेला बरा. १८९५ मध्ये मराठा शिपायांनी मोझांबिकला जाण्याचा हुकूम धुडकावला आणि मग सत्तरीतील राणे त्यांना मिळाले. तारीख ठरवली ती सरकारी हुकमाने, दारूच्या कोरडेपणाने नव्हे. एवढेच म्हणता येईल की १७४६ मध्ये सप्टेंबरात बंड पुकारणाऱ्याला जी अडचण आली असती, ती १८९५ मध्ये पुष्कळ कमी झाली होती.

ओले म्हणजे मेलेले नव्हे

विसाव्या शतकात टोपीतील द्रव्य पुन्हा बदलले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत शिशाच्या स्टिफ्नेटवर आधारलेले मिश्रण व्यापारात आले. त्यात पारा नाही, क्लोरेट नाही, ते ओल ओढत नाही आणि उष्णतेतही दीर्घकाळ टिकते. पुढे बहुतेक देशांच्या सैन्यांनी ते स्वीकारले. टोपीच्या सांध्यावर रोगण लावलेले असे काडतूस योग्य रीतीने साठवले तर अनेक दशकांनंतरही उडते.

येथे कारखान्यातील एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण सामान्य समजुतीची चूक तिच्यात दडलेली आहे. टोपीत द्रव्य भरतात तेच मुळी ओले असताना. ओले मिश्रण आघाताला सहसा दाद देत नाही, म्हणून कामगाराच्या सुरक्षिततेसाठी ते ओले ठेवतात आणि टोपीत बसल्यावर वाळवतात. वाळले की ते जिवंत होते. आता विचार करा. विहिरीत पडलेले किंवा माळ्यावर पावसाळे काढलेले काडतूस सध्या उडत नसेल, पण मार्च-एप्रिलच्या उन्हात ते वाळले तर? जुन्या मिश्रणांपैकी काही दुबळी होतात, काही बाराला विलंब लावतात, काही पूर्वीइतकीच तल्लख राहतात. बाहेरच्या गंजावरून आतली स्थिती ओळखता येत नाही. वय आणि ओल यांनी दारूगोळ्याचा भरवसा जातो, धोका जात नाही. आज्ञापत्रातील ऊन देण्याची रीत काळ्या दारूसाठी आणि जाणकार हवालदारासाठी होती, ती सापडलेल्या काडतुसावर वापरणे जीवावर बेतू शकते.

डिचोलीकरांना सुरुंगांची भाषा वेगळी शिकवावी लागत नाही. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे भारतीय तोफांचा मारा मावळिंग्याच्या दिशेने सुरू झाल्यावर माघार घेणाऱ्या पोर्तुगीज तुकड्यांनी ४ वाजून ४० मिनिटांनी डिचोलीचा पूल उडवला आणि ५ च्या सुमारास कोलवाळचा शापोरा नदीवरील आणि अस्नोड्याचा. पोर्तुगीज फौजेकडे रणगाडाविरोधी दारूगोळ्याची टंचाई होती हे सर्वश्रुत आहे, पण हे सुरुंग त्या पहाटे नेमके चालले. शिवाय या तालुक्याने खाणींच्या स्फोटांचे आवाज पिढ्यान्पिढ्या ऐकले आहेत.

जुना दारूगोळा काय करू शकतो याची उदाहरणे दूरची नाहीत. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या परिसरात मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट झाला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. तेथे तर ठरवून दिलेली जागा आणि त्या कामाची व्यवस्था होती. बेल्जियममधील ईपर येथे १९ मार्च २०१४ रोजी पहिल्या महायुद्धातील तोफगोळ्याच्या स्फोटात दोन बांधकाम कामगार मरण पावले. तो गोळा सुमारे शंभर वर्षे ओल्या मातीत पडून होता.

महाविद्यालयांच्या इतिहास मंडळांची सहल हळर्ण, तेरेखोल किंवा शापोऱ्याला जाते तेव्हा विद्यार्थी ढिगाऱ्यात हात घालतातच. काडतूस, गोळा किंवा तांब्याची नळी दिसली तर ती उचलू नये, घासू नये, उन्हात ठेवू नये, संग्रहालयासाठी पिशवीत घालू नये. जागा लक्षात ठेवून पोलिसांना कळवावे. घराघरांतही हा प्रश्न आहे. सीमेवरील गावांत शेतीच्या रक्षणासाठी परवान्याच्या बंदुका पूर्वापार आहेत. परवानाधारक वारला की बंदूक पोलिसांकडे जमा होते, पण कपाटातील काडतुसांचा डबा आणि केपची डबी तशीच राहते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे असा दारूगोळाही जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. तो किती जुना आहे हा मुद्दा कायद्याला लागू नाही.

जाता जाता प्राध्यापक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. ठासणीची बंदूक भरलेली माणसे पेडणे, डिचोली, दोडामार्ग या पट्ट्यात आता थोडीच उरली आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांना पराक्रमाच्या गोष्टी विचारण्याआधी एवढेच विचारावे, की मृगापासून हस्तापर्यंत केपची डबी घरात कुठे ठेवत होता, चुलीवरच्या फळीवर, तांदळाच्या कणगीत की आणखी कुठे, आणि का. उत्तरे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावीत.